पांढऱ्या कापडाचा वैशाख

चैत्र निम्मा सरला की माझ्या दुकानात फोन यायला लागतात. बोलायचे नाहीत, दाखवायचे. पोरी येतात, उंबऱ्यात चपला काढता काढताच काचेवर बोट सरकवत राहतात आणि फोन माझ्या नाकाशी धरतात. "ताई, अस्सं पाहिजे. सेम टू सेम." काचेवर कुठल्यातरी लांबच्या शहरातली पाठ असते. तिच्यावर नाडी, नाडीला लटकन, लटकनाला मोती. चेहरा नसतोच. वडवणीतल्या निम्म्या नवऱ्या मुली दरसाल त्या एकाच बिनचेहऱ्याच्या बाईची पाठ मागायला येतात.

यंदाची पहिली परवा आली. तिच्या पिशवीतून मी कापड ओढलं आणि ते पांढरं निघालं. माझे तळवे ओले झाले. मी उठले, माठाजवळ जाऊन हात धुतले, पुसले, परत धुतले. ती बघत राहिली. "काय झालं ताई?" "काही नाही, घाम लई येतो," म्हटलं. पण घामाचं तेवढंच कारण नव्हतं. पाच वर्षांपूर्वीचा एक वैशाख त्या पिशवीतून माझ्या मांडीवर येऊन पडला होता.

माझं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. बाजारतळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं तोंड आहे. एक मशीन, एक कपाट, कापायचं टेबल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली नायलॉनची दोरी. शिवायला आलेलं प्रत्येक कापड पिशवीत घालून, नाव-तारखेची चिठ्ठी टाचून त्या दोरीला लटकतं. दाराजवळचं आधी, आतलं नंतर. उंबऱ्याच्या उजेडात माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, पाय पसरून हुक लावत बसलेल्या असतात. मशीनच्या तेलाचा वास, तापलेल्या सुती कापडाचा वास, इस्त्रीखाली ओल्या फडक्यातून निघणारी वाफ. लग्नसराईत जेवतानासुद्धा बोटांना खडू लागलेला असतो आणि भाकरीला त्याची चव येते.

त्या वर्षी शिमगा होऊन आठ दिवस झाले होते तेव्हा प्रज्ञा आली. बीडला एका दवाखान्यात नर्स होती, सुट्टीला गावी आली होती. सोबत तिची आई, कुसुमबाई, अंगणवाडी चालवणाऱ्या. विहाराच्या पलीकडं त्यांचं घर. प्रज्ञानं साडी टेबलावर उलगडली. पांढरं रेशीम आणि बोटभर रुंदीचा निळा काठ, बस. जर नाही, बुट्टी नाही. मी सवयीनं म्हटलं, "फोटो दाखव."

"फोटो नाही आणला. तुम्हीच करा की."

"मी?"

"मग कोण? शिवता ना तुम्ही?"

एकोणीस वर्षं मशीन चालवत होते. मापं घेतली, फोटो बघितले, त्यातलं शिवलं. तुम्हीच करा, असं कुणी म्हटलं नव्हतं. 

"पाठीवर पिंपळाचं एक पान पाहिजे," ती म्हणाली. "एकच. मानेखाली सुरू व्हावं आणि टोक मणक्यावर यावं. पांढऱ्या दोऱ्यानं."

"पांढऱ्यावर पांढरं?" कुसुमबाई म्हणाल्या. "मग करायचंच कशाला? दिसायचं न्हाई कुणाला."

"जवळ येईल त्याला दिसंल, आई. आणि मला माहीत असंल ना."

साडीलाच जोडलेला ब्लाउजपीस मी कापून घेतला. वर-खाली एक वीत जास्त कापड होतं, त्याहून नाही. चिठ्ठीवर नाव लिहिलं, वैशाखातल्या रविवारची लग्नाची तारीख लिहिली. त्या दोघी अर्धा तास बसल्या होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत्याबाई उंबऱ्यात हुक लावत होत्या.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना हात अडतो. आमच्या दुकानात चहा होतो. बसलेल्या बाईला आत्याबाई विचारतात, घोटभर घेणार का. पण कुणाला विचारायचं आणि कुणाच्या वेळी सुईतच मान घालून बसायचं, हे त्यांना कुणी न सांगता कळायचं. त्यांना कळतंय हे मला कळायचं. आणि मी काय करायचे? मशीन जोरात चालवायचे. त्या दिवशीही तसंच केलं.

दोरीचंही तसंच. प्रज्ञाची पिशवी दाराजवळ लटकली होती, तिचा नंबर पहिल्या पाचांत होता. मग गल्लीतल्या मोठ्या घरच्या दोन सुना आल्या, साखरपुड्याची घाई होती. पिशवी दोन बोटं मागं सरकली. मग माझ्या नणंदेच्या नात्यातलं कुणी आलं. मग आणखी कुणी. मी कुणालाच 'आधी हिचं आहे' असं म्हटलं नाही. दर वेळी दोरीवरची पिशवी मागं सारायचे आणि स्वतःला सांगायचे, अजून लई दिवस आहेत. वैशाख लागला तेव्हा ती कपाटाच्या बाजूला, भिंतीला टेकली होती.

विचित्र म्हणजे पान मला अजिबात विसरू देत नव्हतं. कापड मागं जात होतं आणि पान रोज पुढं येत होतं. त्या महिना-दीड महिन्यात माझी नजरच बदलली. बीडला बटणं आणायला एसटीनं जायचे तेव्हा खिडकीतून नुसती शेतं बघणारी मी, आता खिडकीची जाळी बघायला लागले. समोरच्या ट्रॉलीच्या फळीवर रंगवलेला मोर, त्याच्या पिसाऱ्याला कुण्या पेंटरनं दिलेला एकच उलटा फटकारा. ऊसतोडीवरून परतणाऱ्या ट्रॅक्टरवर सगळा संसार लादलेला असायचा. त्यावर टाकलेल्या गोधडीचे टाके कुठं सरळ, कुठं कारण नसताना वळलेले. त्या वळणावर बाईला पोरानं हाक मारली असेल का? तांड्यावरच्या बायकांच्या ओढणीवरचे आरसे शेजारी शेजारी असूनही एकमेकांना चिकटत नव्हते, मधे नेमकी जागा सोडलेली होती. कुणी शिकवली ती जागा सोडायला? दुकानात येणाऱ्या पोरींच्या फोनमध्ये हे काहीच नव्हतं. ते आमच्या रस्त्यावर होतं आणि मी एकोणीस वर्षं त्यातून नुसती ये-जा केली होती.

स्टँडजवळच्या पिंपळाला नवी पालवी आली होती, तांब्याच्या रंगाची. मी एक पान उचलून वहीत ठेवलं. पान आपण बदामासारखं काढतो, पण तसं नसतं. त्याचं टोक पानाच्या मानानं लई लांब, काढता काढता हात थांबायलाच तयार नसावा असं. वहीत वीस पानं काढली तेव्हा एकविसावं बसलं. मी ते आत्याबाईंनासुद्धा दाखवलं. इतका आनंद झाला होता. आणि कापडाला मात्र अजून हात लावला नव्हता.

रविवारी लग्न. गुरुवारी दुपारी मी पिशवी खाली काढली.

अस्तर कापलं, पाठीचा भाग कापला. पान कापडावर उतरवायला आम्ही कागदावर नक्षीभर सुईनं भोकं पाडतो, कागद कापडावर ठेवून वरून रंगाचा बोळा फिरवतो. ठिपके उतरतात, त्यावरून टाके घालायचे. पांढऱ्यावर पांढरा रंग दिसत नाही म्हणून मी निळीची भुकटी घेतली. ती कालवायला रॉकेल लागतं, ते हल्ली मिळत नाही, म्हणून यांच्या गाडीतलं चमचाभर पेट्रोल. एरवी हे काम मी सकाळी करते, गार वेळेला. त्या दिवशी दीड वाजला होता. लाईट गेलेली, पंखा थांबलेला, आणि दोरीवर अजून सहा पिशव्या. बोळा फिरवला. कागद उचलला. पान उतरलं होतं, सुरेख, टोकासकट. मी वाकून बघायला गेले आणि माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब सुटला. पानाच्या बरोबर मध्ये पडला.

मी तो टिपायला गेले. टिपायला नको होता. निळं पसरलं. मग पेट्रोलचा बोळा लावला, मग पाणी, मग साबण. दर उपायाला डाग मोठा आणि फिका होत गेला. शेवटी वीतभर पाठीवर आभाळासारखा निळसर ओघळ राहिला. कापड ताठ होतं ते मऊ पडलं, सुरकुतलं. मी ते हातात धरून उभी राहिले. मशीनवर बसवेना, खाली बसवेना.

आत्याबाई आत आल्या. त्यांनी बघितलं, दार थोडं लोटून घेतलं.

"कुणाचं?"

"प्रज्ञाचं."

 मग म्हणाल्या, "बीडहून असलंच पांढरं आण. शिवून दे. सांगू नको. त्यांना काय कळतंय."

त्यातलं शेवटचं वाक्य मला टोचलं, आणि तरी मी शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं बीडला गेले ते तेच करायला. हे मला लपवायचं नाही.

सुभाष रोडवर दुकानं उघडत होती. मूळ कापडाची बोटभर चिंधी माझ्या रुमालात होती. पहिल्या दुकानात पांढरं रेशीम दाखवलं, ते निळसर. दुसऱ्यात करडं. तिसऱ्यात चकाकणारं, प्लास्टिकसारखं. मी तोवर पांढरा हा एकच रंग समजत होते. सहा दुकानं झाली, साडेअकरा वाजले, चिंधी घामानं मळायला लागली. सातवं दुकान लहान होतं. गादीवर एक म्हातारे चाचा, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी चिंधी घेतली आणि मला काही न विचारता उठून रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहिले.

"दिव्याला विचारायचं न्हाई, बेटी. उन्हाला विचारायचं."

त्यांनी चार तागे बाहेर नेऊन बघितले. मग मान हलवली. "हे न्हाई मिळायचं. हा जवळचा हाय, पण जवळचा लई वाईट. एक तर तोच रंग घ्या, न्हाईतर सरळ दुसरा घ्या. जवळचा घेतला की बघणाऱ्याला वाटतं, चूक झाली."

"जवळचाच द्या, चाचा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लग्नाचा हाय का?"

"हो."

"नवरीला विचारलं का?"

मी पैसे काढून गादीवर ठेवले. त्यांनी कापड मोजलं, टर्रकन फाडलं, पुडी बांधून दिली. 

परतीच्या गाडीत पुडी मांडीवर होती. गाडीचा पत्रा तापला होता, घाटसावळीपर्यंत मी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही. शेजारची बाई म्हणाली, "लग्नाचं का? असू दे असू दे, सुखाचं होऊ दे." मी मान हलवली. 

घरी आल्यावर दोन्ही कापडं टेबलावर शेजारी ठेवली. ट्यूबलाईटखाली सारखी. मनात आलं, बघ, उगा घाबरलीस. विहारात मांडव असणार, खाली सावली असणार, कोण बघतंय. मग मीच दोन्ही अंगणात नेली. उन्हात एक दूध निघालं आणि एक साय.

तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञा. "ताई, झाला का? आई येते संध्याकाळी न्यायला."

"नको," मी म्हटलं. "मीच येते."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी दोन्ही कापडं पिशवीत घातली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "सांगायला." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली नाही. तिचा करपल्याचा वास मी रस्त्याला लागेपर्यंत येत राहिला.

त्यांच्या अंगणात मांडव चढत होता. प्रज्ञा पायरीवर बसली होती, कोपरापर्यंत मेंदी, दोन्ही हात समोर धरलेले. मला बघून हसली. कुसुमबाई आतून आल्या. मी पिशवीतून निळसर डागाचं कापड काढलं आणि पायरीवर ठेवलं.

"बिघडला," म्हटलं. "माझ्या हातून बिघडला. काल."

प्रज्ञाचं हसू जायला वेळ लागला. ते वेळ लावून गेलं हेच बघवेना. कुसुमबाईंनी कापड उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"कवा दिलता तुला? शिमगा झाला की दिलता. दोन महिने होत आले. त्याला हात कवा लावलास?"

"काल."

"कावून?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"आमचं हाय म्हणून मागं ठेवलंस ना?"

मला सांगता आलं असतं. सराई होती, लाईट नव्हती, एकटीचे हात किती पुरणार. सगळं खरं होतं. कुणी खोटं ठरवलं नसतं. मांडवाचे बांबू बांधणारे थांबून आमच्याकडं बघत होते. 

"हो," मी म्हटलं.

 कुसुमबाईंनी कापडाची घडी घातली, अगदी नीट, कडेला कड लावून. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रज्ञाच बोलली. दवाखान्यात बोलत असेल तसं, एकसुरी. "बरं. आता काय करता येतंय ते सांगा."

मी बीडचं कापड काढलं. तिला हात लावता येईना, म्हणून आईनं ते साडीच्या काठाजवळ धरलं. उतरतं ऊन मांडवाच्या फटीतून येत होतं.

"हे धुवून पिवळं पडल्यासारखं दिसतंय," प्रज्ञा म्हणाली. "नको." मग काठाकडं बघत राहिली. "पांढऱ्याच्या मागं लागायचंच नाही. निळा घेऊ. काठाचा निळा."

"आता निळं कुठून आणती?"

"आई, तुझी निळी साडी."

"ती न्हाई."

"आई..."

"ती मी दर जयंतीला नेसते. ती न्हाई म्हणलं ना." आणि कुसुमबाई घरात निघून गेल्या.

प्रज्ञा मला म्हणाली, "या तुम्ही. बघू सकाळी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मेंदीच्या हातांनी तिला ते पुसता येत नव्हतं. माझा हात तिच्या गालापर्यंत गेला आणि मागं आला. मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

शनिवारी आठच्या आत कुसुमबाई दुकानात आल्या. काखेत निळी सुती साडी, हातात पाण्याची बाटली. साडी टेबलावर ठेवली.

"पदराला हात लावायचा न्हाई. आतल्या बाजूनं काप, निऱ्यात जातंय तिथून. आणि मी इथंच बसनार हाय."

"बसा," म्हटलं.

"तू म्हणलीस म्हणून न्हाई बसत."

साडी धुऊन धुऊन मऊ झाली होती, पण रंग धरून होती. मी मापं उतरवली. कात्री उचलली आणि हात चालेना. एका कापडाची चिंधी केली, आता दुसऱ्याचीही करायला निघाले आहे, असंच वाटत राहिलं. कात्रीचं तोंड उघडं आणि कापड मध्ये. कुसुमबाईंनी समोरून कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"काप. बघत काय बसलीस?"

कापलं. तो आवाज मला अजून वेगळा ओळखू येतो.

पान उतरवायला या खेपेला पावडर नको, पेट्रोल नको. निळ्यावर शिंप्याचा पांढरा खडू पुरतो, झटकला की जातो. मी वहीतलं एकविसावं पान समोर ठेवून हातानं काढलं आणि साखळी टाक्यानं भरायला घेतलं. दहाला लाईट गेली. माझ्या कपाळावर घाम जमला तशी कुसुमबाईंनी टेबलाखालचा पुठ्ठा ओढला आणि वारा घालायला लागल्या. माया नव्हती त्यात. "थेंब पाडू नको," म्हणाल्या. पुठ्ठा तासभर एकाच लयीत हलत होता. त्यांची नजर माझ्या सुईवरून हलली नाही. देठ झाला, मधली शीर झाली, डावी बाजू झाली. दोरीवरच्या पिशव्या तशाच लटकत होत्या. दोन बायका दारातून विचारून गेल्या, मी त्यांना सोमवारी या म्हटलं. तोंडातून ते इतकं सहज कसं निघालं? दोन महिने का निघालं नव्हतं?

उंबऱ्यात आत्याबाई होत्या. सकाळपासून त्यांच्या हातून एकही हुक लागला नव्हता. अकराच्या सुमाराला त्या उठल्या, आत गेल्या आणि ताटलीत तीन कप घेऊन आल्या. एक माझ्यापुढं, एक स्वतःला, एक कुसुमबाईंपुढं.

"नको," कुसुमबाई म्हणाल्या.

"घे की घोटभर."

"नको म्हणलं ना." आणि त्या आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या.

आत्याबाईंनी कप तिथंच राहू दिला. त्या चहावर साय धरली, मग ती सुरकुतली. मला तो कप उचलून आत न्यावासा वाटत होता, पण मी नेला नाही. तो तिथं असणंच बरोबर होतं. चाचांचं बोलणं तेव्हा मला खरं कळलं. मी आयुष्यभर जवळचं वागत आले होते. कुणाला वाईट बोलले नाही, कुणाला हाकललं नाही, सगळ्यांचं शिवलं. उन्हात धरलं की मात्र रंग वेगळा निघत होता.

दुपारनंतर बाह्या जोडल्या, अस्तर बसवलं. हुक राहिले. ते काम आत्याबाईंचं. त्यांनी सुई घेतली, दोरा ओठांत ओला केला, चारदा प्रयत्न केला. म्हाताऱ्या डोळ्यांना निळा दोरा दिसेना, की दुसरंच काही, कोण जाणे. शेवटी त्यांनी सुई आणि दोरा कुसुमबाईंपुढं धरला.

"एवढी ओवून दे बाई. दिसंना मला."

कुसुमबाईंनी सुईकडं बघितलं. घेतली. एका झटक्यात ओवली, गाठ मारली आणि परत दिली. मग आत्याबाई हुक लावायला लागल्या आणि कुसुमबाई, न सांगता, पुढच्या हुकाच्या जागेवर कापड चिमटीत धरून बसल्या.  सहा हुक.

पाचला ब्लाउज इस्त्री करून घडी घातला. निळ्यावर पांढरं पान उठून दिसत होतं, दारातूनसुद्धा. मी म्हटलं, "ते असं दिसायला तिला नको होतं. जवळ येईल त्यालाच दिसावं म्हणत होती."

"आता सगळ्यांना दिसंल," कुसुमबाई म्हणाल्या. "दिसू दे." उरलेली साडी त्यांनी काखेत घातली. जाताना त्या मला 'लग्नाला ये' म्हणाल्या नाहीत.

रविवारी जावं की नाही, हे सकाळभर ठरेना. अंगावर ब्लाउज नीट बसला का, हे बघितल्याशिवाय मी एरवी कुणाचीही नवरी सोडत नाही, या एका सबबीवर गेले. वडवणीत बावीस वर्षं राहून विहाराच्या अंगणात मी पहिल्यांदा पाय ठेवला. बायकांच्या मागं, कडेला उभी राहिले. वंदना चालू होती. सगळीकडं पांढरे कपडे, अगरबत्तीचा वास, पंख्यांची घरघर, आणि प्रज्ञा पाठमोरी उभी. मानेखालून निघालेलं पान, मणक्यावर उतरलेलं लांब टोक. तिनं हार घालायला हात उचलले तेव्हा ते पाठीवर किंचित हललं. उजव्या बाजूचा एक टाका मला तिरका दिसत होता. मी श्वास धरून शिवण बघत होते, खांद्यावर कुठं ताण येतोय का, काखेत चुणी पडतेय का. कुठंच नव्हती.

विधी संपले, बायका तिच्याभोवती जमल्या. मी परतायला वळले होते. तेवढ्यात एका बाईनं तिला खांद्याला धरून वळवलं आणि पाठ बघितली.

"अगं, काय पान काढलंय! बीडला शिवला का पुण्याला?"

"इथंच," प्रज्ञा म्हणाली आणि तिनं गर्दीतून नेमकं माझ्याकडं बोट केलं. "त्या उषाताई. पहिला बिघडवला पण त्यांनीच, दुसरा शिवला पण त्यांनीच."

पंधरा-वीस माना माझ्याकडं वळल्या. याच नजरांना मी गुरुवारपासून भीत होते, याच चुकवायला बीडला गेले होते. आता त्या अंगावर आल्या.  पण मी खाली बघितलं नाही. तिनं माझ्याबद्दल एक शब्द वाढवून सांगितला नव्हता आणि एक शब्द झाकलाही नव्हता.

मघाची बाई मला खालपासून वरपर्यंत बघत होती. मग ती कुसुमबाईंकडं वळली. "माझ्या पोरीचं पुढच्या महिन्यात हाय. टाकावा का मग हिच्याकडं?"

कुसुमबाई खाली पडलेल्या फुलांच्या पाकळ्या वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"टाक की," म्हणाल्या. "पण दिवसभर समोर बसावं लागतंय."

बायका हसल्या. प्रज्ञा हसली, मलाही हसू आलं. कुसुमबाई हसल्या नाहीत. त्या खरंच सांगत होत्या.